हेरफर्डशरच्या पाणंदी आणि सफरचंदाच्या बागा : कुठून चालावं, कसं चालावं

पाखाडी (धागाकर्ती) | ६ एप्रिल

नमस्कार मंडळी,

येत्या आठ-दहा दिवसांत नाशपती फुलेल आणि तिच्यामागून सफरचंद. दर वर्षी या दिवसांत ओळखीच्या मराठी घरांत मी एकच आग्रह धरते : एक रविवार काढा आणि हेरफर्डशरला चालायला या. दर वर्षी प्रश्नही तेच येतात. तिथे बघायला आहे काय? दुसऱ्याच्या शेतातून जायचं कसं? कोणी हटकलं तर? म्हणून यंदा सगळं एकदाच नीट लिहून काढते.

मी मूळची गुहागर तालुक्यातली, आता अकरा वर्षं बर्मिंगहॅमला. हेरफर्डशर म्हणजे इंग्लंडची पश्चिम कड, पलीकडे लगेच वेल्स. उंच डोंगर नाहीत, समुद्र नाही, मोठी शहरं नाहीत. आहेत त्या बुटक्या टेकड्या, टेकड्यांच्या माथ्यावर रान आणि उतारांवर बागा. पहिल्यांदा गेले तेव्हा परत येऊन बूट काढले आणि तळव्याला चिकटलेली माती बघत तशीच उभी राहिले. लाल होती, अगदी घरची वाटावी इतकी लाल. आपली जांभ्याची, ती सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या लाल वालुकाश्माची. दोघींचं नातं काही नाही, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

माझी सगळ्यात आवडती वाट मच मार्कल या गावातून निघते. गावच्या देवळाच्या (म्हणजे चर्चच्या, पण माझ्या तोंडी देऊळच येतं) आवारात यू जातीचं एक प्रचंड झाड आहे. खोड आतून पोकळ आणि त्या पोकळीत बसायला बाकं केलेली. झाड हजार वर्षांहून जुनं मानतात. तिथे बसून बुटाच्या नाड्या आवळायच्या आणि निघायचं. गावाबाहेर पडलं की वाट थेट बागांमध्ये शिरते. इथल्या सायडरच्या (म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याच्या) कारखान्यांपैकी वेस्टन्स याच गावात १८८० साली सुरू झाला, त्यामुळे आजूबाजूला सायडरच्या सफरचंदांच्या बागाच बागा. नव्या बागा म्हणजे बुटक्या झाडांच्या सरळ ओळी, यंत्राने फळ गोळा करता यावं म्हणून. जुन्या बागांत मोठी झाडं लांब लांब, खाली गवत आणि गवतात मेंढ्या. वाट दोन्हींतून जाते.

मग चढ लागतो तो मार्कल रिजचा. अर्ध्या-पाऊण तासात माथा येतो. तिथे टीव्ही-रेडिओचा उंच मनोरा आहे, तो लांबूनही दिसतो, म्हणून या भागात दिशा हरवत नाही. माथ्यावर उभं राहिलं की पूर्वेला मॉल्व्हर्नच्या टेकड्यांची अख्खी रांग, पश्चिमेला वेल्सचे काळसर डोंगर आणि दक्षिणेला मे हिल. मे हिल ओळखायची खूण सोपी आहे. टेकडीच्या टाळूवर पाइनच्या झाडांचा झुपका आहे, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा १८८७ साली लावलेला. इकडे जुनी माणसं सांगतात की जिथून मे हिल दिसते तिथेच पेरीची नाशपती चांगली होते. पेरी म्हणजे नाशपतीचं सायडर.

माथ्यावरून पलीकडे पटली गावाकडे उतरायचं, वाटेत थोडं रान आणि पुन्हा बागा, आणि वळसा घालून परत. मी जाते तो फेरा साधारण १३ किलोमीटरचा. खात-पीत, थांबत, पाच तास.

आता नाशपतीच्या झाडाबद्दल, कारण मी हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यासाठी. पेरीची नाशपती बाजारातल्या नाशपतीसारखी नसते. झाड आपल्या जुन्या रायवळ आंब्याएवढं वाढतं, पंधरा मीटर सहज. दोनशे, तीनशे वर्षं जगतं. साल अशी तडकलेली असते की तिचे चौकोनी तुकडे पडतात, जणू कोणी सुरीने वड्या पाडल्या. बोट त्या फटीत घातलं तर पहिलं पेर आत जातं. मच मार्कलच्याच हेलन्स नावाच्या जुन्या वाड्याच्या वाटेवर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लावलेल्या नाशपतींची रांग होती, तिच्यातली काही झाडं अजून उभी आहेत आणि फळ देतात. इकडे म्हण आहे की नाशपती लावायची ती वारसांसाठी. आपल्याकडे आजोबांनी लावायचं आणि नातवाने खायचं म्हणतात, तेच.

मागच्या सप्टेंबरात आई आली होती, तेव्हा तिला या वाटेवर घेऊन गेले. एका जुन्या बागेत एक म्हातारे गृहस्थ खाली पडलेली नाशपती गोळा करत होते. आई थांबली. त्यांनी हसून एक फळ तिच्या हातावर ठेवलं, लहान, लिंबाएवढं. आईने पदराला पुसून चावा घेतला आणि तोंड असं काही केलं की ते गृहस्थ मोठ्याने हसले. मला म्हणाली, "अगं, हे काजूच्या बोंडासारखं घसा धरतंय!" मी त्यांना ते इंग्रजीत सांगितलं. काजूचं बोंड म्हणजे काय हे समजावायला दहा मिनिटं लागली, पण समजल्यावर ते म्हणाले की तुरटपणा नसेल तर पेरीला अंगच येत नाही. आई त्या बागेतून हलायला तयार नव्हती. तिने माझ्यामार्फत त्यांना विचारलं, "ही वाट तुमच्या बागेतून जाते, माणसं सारखी येतात, तुम्हाला चालतं?" ते म्हणाले, ही वाट बागेच्याही आधीची आहे.

प्रश्न विचारा. माहीत आहे ते सांगेन. आणखी कोणी इंग्लंडात बागांतून, रानांतून चालत असाल तर तुमच्या वाटाही इथे लिहा.

बकुळ | ६ एप्रिल

किती छान लिहिलं आहेस. मी वूस्टरला राहते, म्हणजे मॉल्व्हर्न माझ्या खिडकीतून दिसतं, आणि तरी मार्कल रिजला कधी गेले नाही. या महिन्यात नक्की.

एक भर घालते. हिवाळ्यात गेलात तर बागेतल्या उघड्या झाडांवर हिरवे गोल गोल झुपके दिसतील. ते मिसलटो, म्हणजे आपलं बांडगूळच, आंब्यावर असतं त्याच्या लांबच्या नात्यातलं. सफरचंदाच्या झाडावर ते फार आवडीने वाढतं, आणि हेरफर्डशरइतकं इंग्लंडात क्वचितच कुठे असेल. जिल्ह्याचं फूल म्हणून लोकांनी तेच निवडलंय. नाताळच्या आधी टेनबरी वेल्सला त्याचा लिलाव होतो, शेतकरी मोळ्या बांधून आणतात. माझे वडील आंब्यावरचं बांडगूळ दिसलं की कोयता शोधायचे, आणि इथे त्याच्या जुड्या विकत घेऊन लोक दारावर टांगतात. अर्थात बागाईतदार इथेही ते छाटतातच, फार वाढलं तर फांदी मरते.

दोन_पिल्लं | ७ एप्रिल

मुलं ५ आणि ८ वर्षांची आहेत. १३ किलोमीटर जमणार नाही. आमच्याकडे गाडीही नाही. काही सोपं आहे का? आणि मूळ शंका तशीच आहे : हे खरंच कायदेशीर आहे ना? मला कोणाच्या तरी शेतात मुलांना घेऊन शिरायची भीती वाटते. आपण इथे परके, कोणी काही बोललं तर काय उत्तर द्यायचं?

पाखाडी | ७ एप्रिल

भीती अगदी समजते, मलाही पहिली दोन वर्षं वाटायची. फाटकापाशी यायचे आणि परत फिरायचे.

आधी सोपी वाट. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीटवरून हेरफर्डची गाडी धरायची आणि लेडबरीला उतरायचं, सव्वा तासाच्या आसपास लागतो. लंडनच्या पॅडिंग्टनहूनही थेट गाड्या आहेत. लेडबरी गाव मुलांना आवडेल, सोळा लाकडी खांबांवर उभी असलेली सतराव्या शतकातली बाजारपेठेची इमारत आहे, तिच्याखालून चालता येतं. शेजारून दगडी फरसबंदीची चर्च लेन वर जाते. तिथून दहा मिनिटांत डॉग हिल वूड नावाचं रान लागतं आणि त्याला जोडून पुढे फ्रिथ वूड. एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला तिथे ब्लूबेल फुलतात. झाडांना नुकती पालवी आलेली असते, ऊन खालपर्यंत पोचतं आणि जमिनीवर निळा धूर साचून राहिल्यासारखं दिसतं. मुलांना एवढंच सांगून ठेवा की पाऊल वाटेवरच ठेवायचं. ब्लूबेलची पानं तुडवली गेली की ती पुन्हा उभी राहात नाहीत, कांद्याला अन्न मिळत नाही आणि पुढची काही वर्षं तिथे फूल येत नाही. चार-पाच किलोमीटर फिरून पुन्हा गावात, तिथून स्टेशन.

पायाखाली लसणासारखा वास आला तर तो रानलसणाचा. तो आणि ब्लूबेल दोन्ही एकाच रानात दिसली तर समजायचं की हे रान फार जुनं आहे. इथे १६०० सालापासून सलग टिकून असलेल्या रानाला प्राचीन म्हणतात.

कायद्याचं म्हणाल तर 'शिवार' आहेत ना इथे? ते वकील आहेत, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

शिवार | ७ एप्रिल

आहे, वाचतोय. मी सांगलीला दिवाणी दावे चालवत होतो, आता मुलाकडे ब्रिस्टलला येऊन-जाऊन असतो. इथला कायदा मी शौक म्हणून वाचला आहे, तेव्हा जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

ताई, तुम्ही शेतात 'शिरत' नाही. आपल्याकडे ज्याला वहिवाटीचा रस्ता म्हणतात, तो हा. जमीन मालकाची, पण त्या पट्टीवरून चालत जाण्याचा हक्क जनतेचा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. त्या नकाशावर वाट असेल तर ती आहे, मग मालक कोणीही होवो. इथल्या न्यायालयांचं जुनं तत्त्व आहे की एकदा जो रस्ता झाला तो कायमचा रस्ता.

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. वाट नकाशावर नसेल, पण लोक ती वीस वर्षं उघडपणे, कोणाची परवानगी न घेता आणि अडवणूक न होता वापरत असतील, तर १९८० च्या कायद्याप्रमाणे मालकाने ती जनतेला दिली असं धरलं जातं. वीस वर्षं हा आकडा वाचला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. आपल्या १८८२ च्या इझमेंटच्या (वहिवाटीच्या हक्काच्या) कायद्यातही वीसच वर्षं आहेत. फरक इतकाच की तिथे तो हक्क बहुतेक वेळा एका शेतजमिनीला दुसऱ्या जमिनीवरून मिळतो, इथे तो कोणाही वाटसरूला मिळतो. सांगलीत मी पाणंदीच्या आणि बांधावरच्या रस्त्याच्या वादांत मामलेदार कोर्टात किती खेपा घातल्या असतील! गावनकाशावर तुटक रेघ दाखवलेली, प्रत्यक्षात तिथे ऊस उभा. दोन भाऊ, एक बांध, आणि मधल्या मध्ये तिसऱ्याची बैलगाडी अडलेली.

इथेही शेतकरी नांगरतो. वाट शेताच्या मधून जात असेल तर नांगरायची मुभा आहे, पण पेरणीसाठी पहिल्यांदा नांगरल्यापासून १४ दिवसांत वाट पुन्हा चालण्यासारखी करून द्यावी लागते, आणि पीक उभं राहिलं तरी किमान एक मीटर रुंदी मोकळी ठेवावी लागते. उभ्या गव्हातून जाणारी ती सरळ पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिथेच थांबून फोटो काढला आणि माझ्या जुन्या अशिलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "साहेब, हे खरं आहे का?"

तुम्हाला कोणी विचारलंच तर शांतपणे सांगा की पायवाटेवर आहोत. पण हक्क चालण्याचा आहे. फळ तोडण्याचा नाही, बागेत पथारी पसरण्याचा नाही, वाट सोडून हिंडण्याचा तर नाहीच.

दोन_पिल्लं | ७ एप्रिल

काका, मनापासून आभार. हे इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

केंटकर | ८ एप्रिल

आमचं केंट विसरू नका! इथे चेरीच्या बागा जास्त. फॅव्हरशमजवळ ब्रॉगडेल इथे देशाचा फळझाडांचा संग्रह आहे, एकट्या सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती, प्रत्येक जातीची दोन-दोन झाडं. वसंतात तिथे तास-दोन तास चालणं हा वेगळाच अनुभव आहे, कारण प्रत्येक ओळीचं फूल थोडं निराळं, एक गुलाबी कळीचं, एक पांढरंशुभ्र. लंडनकरांना हे जवळ पडेल. लांब चालायचं असेल तर फार्नम ते डोव्हर अशी २४६ किलोमीटरची नॉर्थ डाउन्स वाट आहे, तिचे तुकडे करून चालता येतात. माती मात्र खडूची, पांढरी, पावसात साबणासारखी निसरडी.

मांडवीकाठ | ८ एप्रिल

काजूच्या बोंडाचं वाचून राहवलं नाही. मी पणजीची, सध्या हेरफर्डला नर्स आहे. ऑक्टोबरात इथे एका ओळखीच्या बागेत सायडर काढताना गेले होते. सफरचंदं झाडावरून तोडत नाहीत. लांब काठीला आकडा लावून फांदी हलवतात, त्या काठीला इकडे पँकिंग पोल म्हणतात, आणि फळं गवतात पडू देतात. मग बागेतच ढीग घालून काही दिवस ठेवतात, मऊ पडायला. आमच्याकडे बोंडूही झाडाचा तोडत नाहीत, पिकून पडलेलाच वेचतात. इथे फळ दळून त्याचा चोथा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात आणि वरून दाब देतात. रस गळायला लागला आणि जो वास आला, आंबूस-गोड, मधमाश्या घोंघावतायत, मला थेट मार्चमधला आमचा डोंगर आठवला. पुढे वाटा वेगळ्या होतात. आमचा रस भट्टीवर चढतो आणि त्याची उर्राक, फेणी होते, यांचा पिंपात थंडीभर नुसता मुरत राहतो.

जानेवारीत इथे बागेत वासेल असतं. नाताळापासूनच्या बाराव्या रात्रीच्या सुमारास लोक मशाली घेऊन बागेत जातात, जुन्यात जुन्या झाडाच्या मुळांवर सायडर ओततात, फांद्यांवर पावाचे भाजलेले तुकडे ठेवतात, आरडाओरडा करून झाडाला जागं करतात. मी दोनदा गेले आहे. झाडासमोर माणसं गाणं म्हणतात हे पाहून मला ते लोक एकदम जवळचे वाटले.

मुळाकाठ | ९ एप्रिल

मी पुण्याचा, वय ६८. मे ते ऑक्टोबर मुलीकडे रेडिंगला येतोय. सह्याद्रीत पुष्कळ हिंडलो, आता गुडघे कुरकुरतात पण पाय थांबत नाहीत. दोन प्रश्न. नकाशा कोणता घ्यावा? आणि वेळेचा अंदाज कसा बांधावा? राजगड-तोरण्याच्या हिशेबाने इथलं गणित जमेल असं वाटत नाही.

पाखाडी | ९ एप्रिल

काका, तुमचं स्वागत. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर घ्या, १:२५,००० प्रमाणाचा. मॉल्व्हर्न आणि लेडबरी भागासाठी क्रमांक १९०, त्याच्या पश्चिमेला हेरफर्ड आणि रॉसकडे १८९. हिरवी तुटक रेघ म्हणजे वाट, आखूड तुकड्यांची पायवाट आणि लांब तुकड्यांची घोडेवाट. या नकाशावर शेताची प्रत्येक कड दाखवलेली असते, त्यामुळे "तिसऱ्या शेतानंतर कुंपणाच्या डाव्या अंगाने" इतकं नेमकं चालता येतं. मोबाइलवर घ्या, पण कागदी जवळ असू द्या. दऱ्यांत रेंज जाते.

जमिनीवर खुणा बाणांच्या. पिवळा बाण पायवाटेचा, निळा घोडेवाटेचा, तिथे सायकलही चालते. बाण लाकडी खांबावर असतो आणि उन्हाळ्यात वेलीखाली झाकला जातो, तेव्हा कोपऱ्यात हात घालून बघायची सवय लागते. खाजरी पानं असतात, नेटल म्हणतात त्यांना. हातमोजा बरा.

वेळेसाठी इथली जुनी रीत : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली बांधलेला हिशेब आहे. पण तो तरण्या पायांचा. मी त्यात निम्म्याची भर घालते, कारण प्रत्येक कुंपणाशी एक फळी चढून उतरायची असते. तिला इथे स्टाइल म्हणतात. १३ किलोमीटरांत अशा पंधरा-वीस लागू शकतात आणि गुडघ्यांना त्रास चढापेक्षा त्यांचाच होतो. आता पुष्कळ ठिकाणी त्या काढून किसिंग गेट बसवतायत. ते म्हणजे अर्धगोल कठड्यात झुलणारं छोटं फाटक, माणूस एका वेळी एक जातो, गुरं जाऊ शकत नाहीत. आमच्याकडच्या बेड्याचं (कुंपणातल्या फाटकाचं) काम तेच, फक्त बेडं उघडून पुन्हा अडकवावं लागतं आणि हे आपोआप बसतं.

तुम्ही मॉल्व्हर्नपासून सुरुवात करा. तिथे रांगेच्या माथ्यावरून रुंद वाटा आहेत, स्टाइल जवळपास नाहीत. सगळ्यात उंच वूस्टरशर बीकन ४२५ मीटर. पण माझं मत विचाराल तर दक्षिणेकडचं ब्रिटिश कँप, ३३८ मीटर. लोहयुगातला किल्ला आहे तो. दगडी तटबंदी नाही, अख्ख्या टेकडीला मातीचे खंदक आणि बांध कोरून पायऱ्या-पायऱ्या केल्यात. गड बघायची सवय असलेल्या माणसाला तिथे नुसतं उभं राहिलं तरी कळतं की जागा कोणी आणि का हेरली असेल.

डॉक्टरीणबाई | १० एप्रिल

एक काळजीची सूचना. गवतातून आणि रानातून चालल्यावर अंगावर गोचीड बघायची. इथली गोचीड खसखशीएवढी असू शकते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यात खोचा. घरी आलं की गुडघ्यामागे, कमरेला, काखेत आणि मुलांच्या केसांत बघा. दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, चुना, काडीचा चटका यातलं काहीही करू नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना लगेच दाखवा, वेळेवर औषध मिळालं तर बरं होतं.

बकुळ | १० एप्रिल

आणि गाई! मागच्या जूनमध्ये एका शेतात वासरांसकट पंधरा-वीस गाई होत्या. लहानपणापासून गाई पाहिल्यात म्हणून मी सरळ मधून निघाले. सगळ्या एकदम वळल्या आणि माझ्यामागे यायला लागल्या. इथल्या गाई माणसाच्या हाताळणीतल्या नसतात, मांसासाठी पाळलेल्या असतात आणि वासरू असलं की बिथरतात. मी पळाले नाही एवढंच बरं केलं. शेतकऱ्याने नंतर सांगितलं : लांबून वळसा घ्या, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, धोका वाटला तर वाट सोडून कडेने जायला काही हरकत नाही. कुत्रं बरोबर असेल तर एरवी दोरीला धरा, पण गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या. गाईंचा राग कुत्र्यावर असतो, ते पळून वाचतं.

शिवार | ११ एप्रिल

वाट आणि हक्क यावरून आठवलेली एक खरी हकिकत सांगतो, कारण ती याच मुलखातली आहे.

लेडबरीच्या दक्षिणेला डिमॉक नावाचं गाव आहे. १९१४ साली अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट तिथे जवळच एका शेतघरात बायकामुलांसह राहायला आला. त्याचा मित्र एडवर्ड थॉमस, तेव्हा पुस्तकांची परीक्षणं लिहून पोट भरणारा, त्या ऑगस्टमध्ये शेजारी येऊन राहिला. दोघं रोज मैलोन् मैल चालायचे, बागांतून, रानांतून, बोलत बोलत. महायुद्ध नुकतं सुरू झालेलं. एकदा एका रानात जमीनदाराच्या रखवालदाराने बंदूक रोखून त्यांना अडवलं. फ्रॉस्ट भांडायला उभा राहिला, थॉमस मागे सरला. मागे सरल्याचं शल्य थॉमसला फार लागलं, असं त्याचे अभ्यासक सांगतात. फ्रॉस्टनेच त्याला सांगितलं की तू गद्यात लिहितोस ती कविताच आहे, आणि त्या हिवाळ्यात थॉमस कविता लिहू लागला. पुढच्या वर्षी तो सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ ला आरासच्या लढाईत मारला गेला. त्याचं कवी म्हणून आयुष्य दोन-अडीच वर्षांचं.

आज त्या भागात या कवींच्या नावाने आखलेल्या वाटा आहेत. मी त्यातली एक मागच्या मार्चअखेर चाललो. रानटी डॅफोडिल फुलले होते, बागेतल्यापेक्षा लहान, फिकट पिवळे, ओढ्याच्या काठाने आणि बागांच्या गवतातसुद्धा. पूर्वी लेडबरी-ग्लॉस्टर रेल्वेने ही फुलं टोपल्या भरभरून शहरांत जायची. ती गाडी १९५९ साली प्रवाशांसाठी बंद झाली. वाटेत केंपलीचं जुनं चर्च आहे, जरूर आत जा. बाराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, छतभर.

त्या दिवशी मी चालत होतो त्या रानात मला कोणी अडवलं नाही. फाटकावर पिवळा बाण होता.

मुळाकाठ | ११ एप्रिल

शिवार, फार आतून लिहिलंत. ही वाट यादीत पहिली.

दोन_पिल्लं | ४ मे

काल जाऊन आलो! लेडबरी, डॉग हिल, फ्रिथ वूड. धाकटी शेवटपर्यंत चालली. ब्लूबेल पाहून दोघं एकदम गप्प झाले, आमच्याकडे हे कधी होत नाही. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, थर्मासमध्ये चहा. एका ओंडक्यावर बसून खाल्लं.

पण एक अडचण आली, म्हणून विचारते. रानातून खाली उतरल्यावर नकाशावर वाट एका शेतातून जाते, तिथे फाटकाला साखळी-कुलूप आणि वर काटेरी तार. बाण मात्र खांबावर होता. आम्ही मुलांना घेऊन आल्या वाटेने परत फिरलो. थोडं वाईट वाटलं. असं झालं तर काय करायचं?

पाखाडी | ४ मे

परत फिरलीस ते बरोबरच, मुलं बरोबर असताना तारेशी झटायचं नाही. पण विषय तिथे सोडू नकोस. फाटकाचा फोटो आहे ना? नकाशावरून त्या जागेचा ग्रिड क्रमांक काढ, सहा आकडी, आणि कौन्सिलच्या वाटा सांभाळणाऱ्या विभागाला कळव. संकेतस्थळावर अर्ज असतो, दोन मिनिटांचं काम. वाट मोकळी ठेवून घेणं हे त्यांचं कायद्याने ठरलेलं काम आहे.

माझा अनुभव सांगते. तीन वर्षांपूर्वी एका बागेच्या कडेची स्टाइल मोडून पडली होती आणि कुंपण इतकं वाढलं होतं की वाट कुठे होती तेच कळेना. मी कळवलं. उत्तर आलं की नोंद झाली. मग काही नाही. दोन महिन्यांनी पुन्हा कळवलं, त्याच रस्त्याने चालणाऱ्या एका इंग्रज बाईंनाही कळवायला सांगितलं. पाचव्या महिन्यात गेले तर तिथे नवं किसिंग गेट, लाकूड अजून ओलं, रंधा मारल्याचा वास येणारं. मी ते तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा लावलं.

त्या वेळी आईला फोटो पाठवला होता. मागच्या सप्टेंबरात ती इथे राहून गेली आणि दिवाळीनंतर तिचा फोन आला. आमच्या वाडीतून देवळाकडे चढणारी जुनी पाखाडी आहे, जांभ्याच्या पायऱ्यांची. डांबरी रस्ता झाल्यापासून कोणी वापरत नाही, पार रान माजलेलं. आईने वाडीतल्या दोघा पोरांना हाताशी धरून ती साफ करून घेतली. म्हणाली, "खालच्या चौदा पायऱ्या मोकळ्या झाल्या, वरच्या बाकी आहेत. पावसाच्या आत करून घेते." माझं इथलं टोपणनाव त्याच पाखाडीवरून आहे.

दोन_पिल्लं | ६ मे

कळवलं. नोंद क्रमांक आला. तीन आठवड्यांनी पुन्हा जाऊन बघणार, आता थोरलाच मागे लागलाय.

मुळाकाठ | १९ मे

रेडिंगला पोचलो. १९० क्रमांकाचा नकाशा टेबलावर पसरलेला आहे. पाखाडीताई, मॉल्व्हर्न पुढच्या आठवड्यात मुलीबरोबर करतो. पण मच मार्कल तुमच्यासोबत करायची इच्छा आहे, सप्टेंबरात, नाशपती पडायला लागेल तेव्हा. स्टाइलशी मला दोन मिनिटं जास्त लागतील, सांभाळून घ्या.

पाखाडी | १९ मे

काका, नक्की. सप्टेंबरचा शेवटचा रविवार धरू. 'शिवार', 'बकुळ', 'मांडवीकाठ', येताय का? सकाळी साडेदहाला चर्चच्या आवारात, यूच्या झाडापाशी. गाडी नसलेल्यांना मी लेडबरी स्टेशनवरून आणीन, दोन खेपा घालू. घोट्याच्या वर येणारे बूट, पावसाळी जाकीट, सुके मोजे जास्तीचे. दुपारचं प्रत्येकाने आपापलं आणा, मी सगळ्यांपुरते आंबोळ्या आणि लसणीची चटणी आणते. कुंपणांवर तेव्हा काळ्या ब्लॅकबेरी लगडलेल्या असतील, वाटेच्या कडेच्या खायला कोणी काही म्हणत नाही.

बूट घासायला जुना ब्रश आणि एक बाटली पाणी गाडीत असू द्या. ती लाल माती वाळली की निघत नाही.